गिअर कधी टाकायचा? ०.५७५३ या आकड्याचं वाचन

पेपर वाचताना सूत्र दिसलं की तुम्ही काय करता? मी काय करायचे ते सांगते. वही काढायचे, आपल्याकडचे आकडे त्यात घालायचे, उत्तर आलं की त्याखाली दोन रेघा मारायचे. हे सूत्र मुळात कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे विचारायची सवय मला फार उशिरा लागली. ती लावली माझ्या मावसभावाने, इगतपुरीहून केलेल्या एका फोनने.

दादा भिवंडीत मानकोलीच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. त्याच्याकडे डॉमिनार ४०० आहे, लांबच्या प्रवासासाठी घेतलेली. मी वाहनांच्या उत्सर्जनावर पीएचडी करते म्हटल्यावर घरच्यांचा समज असा की हिला गाडीतलं सगळं कळतं. त्याने विचारलं, "टूरला जाताना वरचा गिअर नक्की कितीवर टाकायचा गं? कोणी चार हजार सांगतं, कोणी सात." मी त्याच आठवड्यात डिपार्टमेंटच्या सेमिनारसाठी एक तक्ता केला होता. त्यात डॉमिनार होतीच. मी तोऱ्यात म्हणाले, "चार हजार नऊशे. आणि चौथ्यातून खाली यायचं ते साधारण दोन हजार नऊशेला. आंतरराष्ट्रीय नियमातलं सूत्र आहे."

आज त्या सूत्राचंच वाचन करायचं आहे. सूत्र चुकीचं नाही, हे आधीच सांगते. चुकलं माझं वाचन. पण ते तसं का चुकतं, याला थोडं सूत्राचं लिखाणही जबाबदार आहे असं माझं मत आहे.

आधी ते येतं कुठून ते बघू. दुचाकीच्या धुराची चाचणी रस्त्यावर होत नाही, प्रयोगशाळेत रोलरवर होते. गाडी रोलरवर उभी, वर चालक, समोर पडद्यावर वेगाची रेघ. कितव्या सेकंदाला किती वेग हवा हे ठरलेलं असतं. या रेघेला ड्रायव्हिंग सायकल म्हणतात. आपल्याकडे पूर्वी पुण्याच्या एआरएआय या संस्थेने बसवलेली इंडियन ड्रायव्हिंग सायकल होती. १०८ सेकंदांचा एक तुकडा, तो सहा वेळा, कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर, सरासरी २२ च्या आत. (अंजूरफाट्याला संध्याकाळी सहा वाजता अडकलेल्या माणसाला हा ४२ उदार वाटेल, ते सोडा.) बीएस-६ मध्ये दुचाकींसाठी डब्ल्यूएमटीसी ही जागतिक सायकल वापरतात. तिचा मूळ दस्तऐवज म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक तांत्रिक नियमांपैकी क्रमांक २ चा नियम, जून २००५ मध्ये मंजूर झालेला.

आता अडचण बघा. वेगाची रेघ ठरली, पण तोच वेग तिसऱ्या गिअरमध्येही गाठता येतो आणि पाचव्यातही. गिअर बदलला की इंजिनाची आरपीएम बदलते, इंधन बदलतं, धूर बदलतो. एका प्रयोगशाळेतला चालक हात राखून चालवणारा, दुसऱ्यातला उतावळा, तर एकाच गाडीचे दोन निकाल येणार. म्हणून गिअर कधी बदलायचा हेही लिहून ठेवणं भाग होतं. हे काम सूत्र करतं, आणि नेटकं करतं.

सूत्र शब्दांत असं. गाडीची कमाल शक्ती किलोवॅटमध्ये घ्या. तिला गाडीचं वजन अधिक ७५ किलो (हा चालक) याने भागा. आलेल्या आकड्याला उणे १.९ ने गुणा, आणि ई या संख्येचा तितकावा घात काढा. त्याला ०.५७५३ ने गुणा. हा झाला एक अंश. आता इंजिनाचा वापरण्याजोगा पट्टा घ्या, म्हणजे आयडलिंगच्या आरपीएमपासून कमाल शक्ती मिळते त्या आरपीएमपर्यंतचं अंतर. त्या पट्ट्यात खालून तितका अंश वर चढा. तिथे वरचा गिअर. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मात्र अंशातून ०.१ वजा करायचा. शेवटी प्रत्येक गिअरच्या गुणोत्तराने ही आरपीएम वेगात बदलतात, कारण रोलरवरच्या चालकाला वेगाची रेघच दिसते.

डॉमिनारचे आकडे घाला. ४० पीएस म्हणजे २९.४ किलोवॅट, ८८०० आरपीएमला. वजन १८७ किलो. आयडलिंग मी १५०० धरलं. अंश येतो ०.४६ च्या थोडा वर, आणि आरपीएम येते साधारण ४९००. हाच माझा आकडा. दादाला दिलेला.

आता दोन गाड्या आणखी घेऊ. एक नेहमीची १०० सीसी, समजा ६ किलोवॅट ८००० ला, वजन ११०, आयडलिंग १४००. तिचा अंश ०.५४, उत्तर ५००० च्या आसपास. दुसरी कावासाकी निन्जा १०००, खरीखुरी स्पोर्ट टूरर, १४२ पीएस १०,००० ला, वजन २३८, आयडलिंग ११०० धरू. अंश ०.३१ पण नाही, उत्तर ३८००. म्हणजे सर्वांत ताकदवान, सर्वांत वर पळू शकणारी गाडी सर्वांत लवकर गिअर बदलते. इंजिनाच्या गुणांवरून कोणी हा नियम मांडायला बसलं असतं, तर तो असा आला असता का?

इथे थांबा आणि विचार करा. मी तेव्हा थांबले नव्हते.

हा आकडा इंजिनाकडून आलेलाच नाही. तो माणसांकडून आला आहे. सूत्र करणाऱ्यांनी रस्त्यावर प्रत्यक्ष चाललेल्या मोटारसायकलींच्या नोंदी घेतल्या, लोक गिअर कुठे बदलतात ते पाहिलं, आरपीएम वापरण्याजोग्या पट्ट्यात नॉर्मलाइज केली, आणि ती शक्ती-वजनाच्या गुणोत्तराशी सर्वांत चांगली जुळते असं त्यांना दिसलं. म्हणून घातांकात ते गुणोत्तर. रस्त्याचा वेग सगळ्यांना जवळपास सारखाच असतो. निन्जावाल्याला तिथे पोचायला इंजिन ओरडवावं लागत नाही, १०० सीसीवाल्याला लागतं. सूत्र हे वागणं टिपतं. तो ०.१ तर मला फार आवडतो. पहिला गिअर लोक लवकर सोडतात, हे रोजचं निरीक्षण त्यात आहे. डॉमिनारच्या पट्ट्यात ०.१ म्हणजे ७३० आरपीएम. राजनोली नाक्यावर सिग्नल सुटल्यावर कान देऊन उभे राहा, ऐकू येईल.

तर सूत्राचा प्रश्न असा होता: "लोक सरासरी कुठे गिअर बदलतात?" दादाचा प्रश्न होता: "मी कुठे बदलावा?" या दोन प्रश्नांमध्ये फक्त एका क्रियापदाच्या रूपाचा फरक आहे, पण मी पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला दिलं. सेमिनारमधल्या माझ्या स्लाइडचं शीर्षक काय होतं सांगू? "आदर्श गिअर बदल बिंदू". आदर्श! नियमाच्या अख्ख्या मजकुरात या अर्थाचा दावा नाही. तो माझ्या घरचा.

पण ही चूक अजून वरवरची आहे. खरी खोलातली चूक पुढे आहे, आणि रिसर्चला जाणाऱ्यांनी तीच नीट बघावी असं मला वाटतं.

दादा आणि वहिनी नाशिकला निघाले. डबल सीट, मागे दोन बॅगा. पडघा, आसनगाव, शहापूरपर्यंत सगळं मस्त. कसारा घाटात एका ट्रेलरमागे वेग उतरला. दादा माझं ऐकून चौथ्यातच राहिला, काटा तीन हजाराच्या आसपास. ट्रेलर डावीकडे सरकला, दादाने उजवीकडे घेऊन मूठ पिळली, आणि गाडी थरथरली. ओढेचना. मागून एसटी आली, हॉर्नवर हॉर्न. दोन वेळा खालचा गिअर टाकून तो निघाला, काही झालं नाही. इगतपुरीला चहाला थांबल्यावर फोन आला: "तुझं गणित घाटात आलं नव्हतं वाटतं."

माझा पहिला बचाव असा होता की वजन वाढलं, ते सूत्रात घालायला हवं होतं. घालून पाहिलं. वहिनी ७५ किलो धरली (तिला हे कळू देऊ नका), बॅगा २५. शंभर किलो वाढवल्यावर सूत्र म्हणतं, ४९०० ऐवजी ५१०० ला बदल. फक्त दोनशे. काट्यावर धड दिसणारही नाही इतका फरक. मग सूत्राच्या मते डबल सीट, सामानासकट घाट चढणं आणि सपाटीवर एकट्याने जाणं जवळपास एकच?

नाही. सूत्रातलं वजन हे एकाच गाडीवर चढवलेलं वजन नाही. ते वेगवेगळ्या गाड्यांमधला फरक सांगणारं वजन आहे. शंभर गाड्या शेजारी ठेवल्या तर जड गाड्यांचे चालक हलक्या गाड्यांच्या चालकांपेक्षा कसे वेगळे वागतात, एवढंच ते नातं बोलतं. एकच गाडी जड झाली तर तिच्या चालकाने काय करावं, हा प्रश्न त्या नोंदींना विचारलेलाच नव्हता. गटांमधलं नातं उचलून एकट्यावर लावण्याच्या या चुकीला संशोधनात इकॉलॉजिकल फॅलसी म्हणतात. पेटच्या पेपरात व्याख्या येते, आपण पाठ करतो, चार मार्क घेतो. आणि मग तीच चूक घरच्या माणसाला दुचाकीवर बसवून करतो.

हे पटत नसेल तर डॉमिनारवरच एक छोटी परीक्षा घेता येते. सुरुवातीची डॉमिनार ३५ पीएसची होती, ८००० ला, वजन १८२. २०१९ ची ४० पीएस, ८८०० ला. दोन्हींचा कमाल टॉर्क एकच, ३५ न्यूटन-मीटर. सूत्राला विचारा: जुनीला ४६००, नवीला ४९००. वरच्या टोकाला इंजिन जास्त पळू लागलं म्हणून खालचा बदलही तीनशेने वर सरकला. जुनी विकून नवी घेतलेला माणूस राजनोली नाक्यावर तीनशे आरपीएम उशिरा गिअर टाकेल का? मला नाही वाटत. अनेक गाड्यांच्या सरासरीत हे नातं टिकत असेल. एका गाडीच्या दोन आवृत्त्यांमध्ये ते टिकेलच असं नाही.

आता घाटाचा हिशोब खरोखर करू, कारण भौतिकशास्त्र इथे सूत्रापेक्षा सोपं आहे. वेग ताशी ४०, चौथा गिअर, ३००० आरपीएम, तिथे टॉर्क २५ न्यूटन-मीटर धरला. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ९५४९, म्हणजे ७.९ किलोवॅट. एकटा माणूस सपाटीवर असेल तर हवा आणि टायर मिळून जेमतेम ०.९ किलोवॅट खातात. बाकी जवळपास सात किलोवॅट वेग वाढवायला मोकळे. आता गाडी, दोन माणसं, बॅगा मिळून ३६२ किलो आणि पाच टक्के चढ. नुसतं वर चढायलाच २ किलोवॅट, एकूण ३ च्या वर. शिल्लक ४.८. आणि ढकलायचं वजन शंभर किलोने जास्त. त्वरण निम्मं होतं. ४० वरून ६० ला पोचायला सपाटीवर सव्वादोन सेकंद, घाटात पावणेपाच. तेवढ्यात कापलेलं अंतर पहिल्या वेळी ३२ मीटर, दुसऱ्या वेळी ६५. मधल्या ३३ मीटरमध्ये मानकोलीतले चाळीस-फुटी कंटेनर जवळपास तीन उभे राहतात. हेच सगळं दुसऱ्या गिअरमध्ये केलं, आरपीएम ५१०० च्या आसपास आणि टॉर्क ३० धरला, तर तोच चढ, तेच वजन, आणि ४० ते ६० पावणेदोन सेकंदांत. गिअरबॉक्समधलं नुकसान मी धरलेलं नाही, टॉर्कचे आकडे ढोबळ आहेत. पण निम्मं-दुप्पट हा फरक ढोबळपणाने पुसला जाणारा नाही.

आता तो २९०० चा आकडा. खालचा गिअर टाकण्यासाठी नियमात वेगळी ओळ आहे. चौथ्यातून तिसऱ्यात यायचं ते, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाण्याचा जो वेग होता त्या वेगाला. दुसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये १.७ पटीचा फरक धरला की ४९०० चे २९०० होतात. पण ती ओळ स्थिर वेगाच्या किंवा वेग कमी होण्याच्या टप्प्यांसाठी आहे, तसं तिथे लिहिलेलं आहे. रोलरवर चढ नसतो, पुढे ट्रेलर नसतो, पुढच्या क्षणी मूठ पिळायची गरज पडेल अशी भीतीही नसते. थांबायला निघालेल्या गाडीला २९०० पुरतात. मी ती ओळ वाचताना तिच्या सुरुवातीचे चार शब्द गाळले, आणि तेच चार शब्द घाटात दादाला महागात पडले असते.

रेल्वेचं बघा. कसारा ते इगतपुरी चढ ३७ ला १. तिथे गाडीला मागून बँकर इंजिन जोडतात. सपाटीवर ही गाडी सरासरी किती ओढते, या आकड्यावर कोणी विसंबत नाही. चढाला लागणारं बळ आधी मोजतात, मग इंजिनं ठरवतात.

सूत्राच्या लिखाणावर माझी टीका इथून सुरू होते. एक तर सरासरी सूत्रात आहे, पसारा नाही. लोक सरासरी ४९०० ला बदलतात. पण निम्मे लोक ४००० ते ५८०० मध्ये पसरलेले असतील की ४८०० ते ५००० मध्ये, हे सूत्र वापरणाऱ्याला दिसत नाही. पहिल्या प्रकारात ४९०० हा सल्ला म्हणून निरर्थक, दुसऱ्यात निदान विचार करण्याजोगा. दुसरं, ते चार दशांश. ०.५७५३ मधला शेवटचा ३ बदलून ४ केला तर डॉमिनारची आरपीएम अर्ध्या-पाऊण फेऱ्याने बदलते. कुठल्याही माणसाचा डावा पाय इतका काटेकोर नसतो. नियमाला हे दशांश का लागतात ते मी समजू शकते: पुण्यात आणि जिनिव्हात तोच गिअर यायचा तर आकडा एकच हवा, मग तो कितीही बारीक असो. तो पुनरावृत्तीसाठीचा काटेकोरपणा आहे, ज्ञानाचा नव्हे. पण माझ्यासारख्या नवख्या वाचकाला चार दशांश दिसले की वाटतं, केवढं अचूक मोजलंय! आकड्यांच्या दशांशांना असं भुलू नका. निदान पहिल्या वर्षी तरी.

मग दादाच्या प्रश्नाचं उत्तर काय? उत्तर आहे, पण एक नाही. पेट्रोल वाचवायचं असेल आणि रस्ता मोकळा, सपाट असेल, तर इंजिन न थरथरता ओढतंय तोवर वरचा गिअर लवकर. तिथे ४९०० पेक्षाही खाली चालेल. सगळी ताकद हवी असेल तर हिशोब वेगळा: पुढच्या गिअरमध्ये चाकाला मिळणारं बळ आत्ताच्या गिअरइतकं होईपर्यंत थांबायचं, आणि बहुतेक इंजिनांत तो क्षण कमाल शक्तीच्या आरपीएमच्या पुढे येतो. रस्त्यावर त्याची गरज क्वचितच. घाट चढताना विचारायचं ते हे, की आत्ता मूठ पिळली तर लगेच उत्तर मिळेल का. शंका असेल तर एक गिअर खाली, आणि हे ओव्हरटेकच्या आधी, मध्ये नाही. उतरताना ज्या गिअरमध्ये ब्रेक न लावता वेग आवरला जातो तो गिअर. डॉमिनारला स्लिपर क्लच आहे, त्यामुळे खालचा गिअर टाकताना मागचं चाक उचक्या देत नाही, पण म्हणून दोन-तीन गिअर एकदम खाली आणायचे असंही नाही. आणि भिवंडीतल्या भिवंडीत, वंजारपट्टी नाक्यापासून कल्याण नाक्यापर्यंत, हा सगळा प्रश्नच गैरलागू आहे. तिथे दुसरा गिअर आणि धीर.

तुम्हाला यातून एखादा छोटा प्रोजेक्ट काढायचा असेल तर आराखडा हाताशी आहे. अनेक गाड्या नकोत, एकच गाडी घ्या. तोच चालक, तोच चढ, आणि फक्त वजन बदला: एकटा, डबल सीट, डबल सीट अधिक सामान. प्रत्येक वेळी तो गिअर कुठे बदलतो ते नोंदवा, आणि किती वेळा नोंदवलं तेही लिहा. सरासरीबरोबर पसारा छापा. चालकाला आधी काही सांगू नका, नाहीतर तो तुमच्यासाठी चालवेल. मी हे कसारा घाटात करायचं म्हणून परवानगीचा अर्ज लिहिते आहे. चालक म्हणून दादाने होकार दिला आहे, एका अटीवर. वजन म्हणून वहिनीऐवजी वाळूच्या पिशव्या.

सेमिनारची ती स्लाइड अजून माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. शीर्षक बदललं आहे: "चाचणीसाठी विहित गिअर बदल, सपाट रोलर, एक चालक". गाईडनी बघून विचारलं, शीर्षक एवढं लांब कशाला?